दुसऱ्यांदा पंखा लागू दे!

बंडूभाऊंच्या गॅरेजमध्ये बसायला तीनच खुर्च्या आहेत. तरी बोरगाव मेघेतली निम्मी रिकामी माणसं तिथंच सापडतात. माझं हार्डवेअरचं दुकान शेजारीच, त्यामुळे मी तर तिथला कायमचा मेंबर! एक किस्सा सांगून संपत नाही तोवर दुसरा गाडी घेऊन दारात हजर असतो. आणि बहुतेक किस्से एकाच वाक्यानं सुरू होतात, "भाऊ, गाडी गरम होऊन राह्यली!"

*

नागपूरचा एक तरुण लाल स्पोर्ट्‌स कार घेऊन आला. गाडी इतकी बुटकी की खुर्चीत बसल्या बसल्या तिचं टप दिसत होतं. बाजाराच्या गर्दीत अर्धा तास अडकला होता आणि इंजिनच्या तापमानाचा काटा शंभरच्या पुढे गेला होता.

"इंजिन गेलं ना काका?" आवाज अगदी रडवेला.

भाऊंनी बॉनेटला हातही लावला नाही. "गाडी चालूच ठेव," म्हणाले आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत काटा एकशे तीनवर. मग आत घर्र करून पंखा लागला आणि काटा उतरत पंच्याण्णववर आला. पोरगा उठायला लागला.

"बस नं बाप्पा. दुसऱ्यांदा लागू दे."

दुसऱ्यांदा पंखा लागला तेव्हा चहा संपला होता. भाऊ म्हणाले, "जा आता."

"पण तुम्ही केलं काय?"

"तुले चहा पाजला!"

मग जाता जाता त्याला समजावलं. "गाडी पयते तवा समोरची हवा लागते, काटा नव्वदवर राह्यते. उभी राह्यली की हवा बंद, मंग सारं पंख्यावर. शंभर-एकशे पाच म्हणजे तिले ताप नाई आला!"

*

तरी लोक घाबरायचेच. शेवटी भाऊंनी भिंतीवर लिहून टाकलं. ऑइलपेंट अर्थात माझ्याच दुकानातला!

"नव्वद, चालू द्या. शंभर, चालू द्या. एकशे पाच, पंखा ऐका. एकशे पंधरा, बंद करा अन् मले फोन लावा."

वडनेरचे एक शेतकरी जीपच्या कामाला आले होते. त्यांनी भिंत दोनदा वाचली आणि घाबरून विचारलं, "भाऊ, हे बीपीचं हाये काय? माहं तं एकशे चाळीस हाये!"

"मंग बसा खाली, अन् डॉक्टरले फोन लावा!"

*

"पंखा एकदा लागला तं योगायोग, दोनदा लागला तं तब्येत," हा भाऊंचा नियम. त्यात देवालाही सूट नाही, मग नवरदेवाची काय कथा?

एकानं वरातीसाठी मित्राची स्पोर्ट्‌स कार आणली, फुलंबिलं लावून. पंखा एकदा लागला. दुसऱ्यांदा काटा एकशे दहाला टेकला तरी पंखा गप्प! भाऊंनी गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली.

"भाऊ, लग्न माहं हाये!" नवरदेव ओरडला.

"म्हणूनच नाई देत. वरातीत घंटाभर एका जागी उभी राहीन ते!"

नवरदेव माझ्या सिमेंटच्या टेम्पोतून मांडवात गेला. संध्याकाळी भाऊंनी पंखा चालू करणारा रिले काढून दाखवला, पार जळालेला. आता तो नवरदेव बायकोची स्कूटीसुद्धा इथंच आणतो.

*

भाऊंच्या मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग आहे. तरुणपणी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. कोणी विचारलं की म्हणतात, "अकरावीत फिजिक्समंदी नापास झालतो नं, त्याची मार्कशीट हाये हे!"

नापास करणाऱ्या राऊत मॅडम. प्रश्न होता, प्रेशर कुकरमधलं पाणी शंभरला का उकळत नाही? भाऊंनी एकच शब्द लिहिला होता, "झाकणामुळे." मॅडमनी शून्य दिलं.

जन्मभर सायकलनं कॉलेजला गेलेल्या या बाईंनी रिटायर झाल्यावर काय घ्यावं? जुनी, पिवळी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार! पहिल्याच आठवड्यात ती भाऊंकडे आणली. भाऊ शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले.

"मॅडम, हे झाकण दाब धरून ठेवते. म्हणून आतलं कूलंट शंभरले उकळत नाई."

मॅडम हसल्या. "बंडू, हे तेव्हा लिहिलं असतंस तर आज मला इतका चांगला मेकॅनिक कुठून मिळाला असता?"

*

मॅडमचा मुलगा विनय पुण्याला असतो. गर्दीत काटा चढताना त्यानं एकदा पाहिला आणि धास्ती घेतली. आई एकटी, रस्त्यात काही झालं तर? या दिवाळीला तो गाडीला गिऱ्हाईक ठरवूनच आला.

मॅडम विनयला घेऊन गॅरेजमध्ये आल्या आणि गाडीची चावी भाऊंपुढे ठेवली. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

भाऊ विनयला म्हणाले, "तुम्हीच चालवा. आईले बाजूले बसवा. कापसाच्या लाइनीत उभी करा, एसी लावून. दोनदा पंखा नाई लागला तं मीच म्हणीन, विका."

मार्केटच्या रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर खोळंबलेले. त्यांच्यात ती पिवळी गाडी, आणि खिडकीशी स्कूटरवर भाऊ आणि मी.

नव्वद. पंच्याण्णव. शंभर. विनयच्या कपाळावर घाम. एकशे दोनला त्याचा हात चावीकडे गेला. इतकी वर्षं पुण्यात राहिलेला माणूस, पण तोंडून निघाली इकडचीच बोली, "आई, बंद करतो वो मी!"

मॅडमनी त्याचा हात धरला. "पेपर अजून संपलेला नाही."

एकशे तीन. एकशे चार. भाऊंचा श्वास मला मागे बसून ऐकू येत होता.

पंखा लागला!

काटा हळूहळू उतरला. तेवढ्यात पुढची लाइनही हलली. मागून हॉर्नवर हॉर्न.

"चला विनयभाऊ, रस्ता मोकळा झाला!" भाऊ ओरडले.

विनयचा फोन वाजत होता. गिऱ्हाइकाचा. त्यानं तो पालथा ठेवला, खिडकीतून हात काढून मागच्या ट्रॅक्टरला पुढे जायची खूण केली. दुसरा हात आईच्या हातातच होता.

"थांब आई," तो म्हणाला, "दुसऱ्यांदा लागू दे."