काळा खादाड, निळा दारुडा, पांढरा रडका

माझ्या दुकानामागे झिजलेल्या टायरांचा ढीग होता. असले टायर कुणी विकत घेत नाही, आपल्यालाही टाकवत नाहीत, आणि बघता बघता ढीग छपराला टेकतो. आमच्या गॅरेजातल्या गोष्टींचंही तसंच झालंय. चार जुनी माणसं भेटली की कुणीतरी एक ओढून काढतो आणि बाकीच्या आपोआप घरंगळत येतात.

गॅरेज चिंचवडात, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. ते गणपत मिस्त्रीचं. शेजारी माझं टायर-पंक्चरचं दुकान. आणि दोन भाड्यांच्या मधल्या वेळात माझ्या बाकड्यावर पाय पसरून बसलेला बाबूराव टॅक्सीवाला. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखान्यांचे पाये खणायला सुरुवात झाली होती, वाकड-ताथवड्याला अजून ज्वारीच उभी होती. नवी गाडी मिळणं मुश्कील. त्यामुळे लोक जुनी गाडी मरेपर्यंत तर चालवायचेच, पण मेल्यावरही चालवायचे.

अशा मेलेल्या गाड्यांचा डॉक्टर म्हणजे आमचा गणपत.

बॉनेट उघडायच्या आधी तो धूर बघायचा. गाडीवाल्याला सांगायचा, "नदीकडं उतारावर जा, आन परत चढून ये." आणि स्वतः सायकलवर टांग मारून मागे. धोतराचा सोगा खोचलेला, नजर सायलेन्सरवर, समोरून ट्रक येवो नाहीतर म्हैस. परत येईपर्यंत निदान तयार असायचं.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला तो सगळं शास्त्र तीन शब्दांत समजावायचा. "काळा म्हंजी खादाड, पेट्रोल जास्ती खातोय. निळा म्हंजी दारुडा, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, ऑइल पितोय. पांढरा म्हंजी रडका, पाणी आत शिरलंय."

यात नम्रपणा औषधालाही नव्हता. कुणी विचारलं, "मिस्त्री, एकदा खोलून बघायचं का?" तर म्हणायचा, "खोलून बगतो त्यो खाटिक."

*

वाकडच्या एका पाटलांनी पुण्यातून जुनी गाडी घेतली. महिन्याभरात ती काळा धूर ओकायला लागली. पाटील आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, "मिस्त्री, फसलो. इंजिन म्हातारं निघालं."

गणपतने सायकलवरून एक फेरी मारली. मग बॉनेट उघडून हवा आत घेणारी जाळी काढली आणि पाटलांच्या पायाशी आपटली. आतून पसाभर कडब्याचा भुसा पडला.

"म्हातारं न्हाई पाटील, नाक चोंदलंय. गाडी ठेवता कुठं?"

"गोठ्यात. म्हशीशेजारी."

"मग दोघींना वेगळं करा."

पाटील शब्दाचे पक्के. आठवड्याच्या आत त्यांनी नवा गोठा बांधला. म्हशीसाठी. गाडी जुन्याच गोठ्यात राहिली.

*

बाबूरावला दुसरी टॅक्सी घ्यायची होती. एक दलाल गाडी घेऊन आला. रंग चकचकीत, आवाज मऊ, आणि धुराचं नाव नाही. बाबूराव तर आत बसून हॉर्न वाजवायला लागला होता.

गणपतने त्या दिवशी सायकल काढलीच नाही. दलालाला म्हणाला, "इंजिन चालूच ठेवा, आपण च्या घेऊ." चहा झाला. पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. गणपतने पुन्हा चहा सांगितला. दलाल घड्याळ बघायला लागला, म्हणाला, "पेट्रोल जळतंय हो."

गणपत उठला, गाडीत बसला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागे निळा ढग उठला, माझं दुकान दिसेनासं झालं. धूर लपवायला दलालाने इंजिनात घट्ट ऑइल ओतलं होतं, ते तापून पातळ झालं तेव्हा खरं बाहेर आलं.

गणपत खाली उतरत म्हणाला, "दारुडा सकाळी कुणालाबी शुद्धीत दिसतोय. जरा बसवून ठेवावा लागतो."

दलाल निघून गेला. दोन्ही वेळच्या चहाचे पैसे मात्र बाबूरावकडून गेले, आणि त्याचं दुःख त्याला गाडीपेक्षा जास्त झालं.

*

आता जे सांगतो ते आम्ही बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबूरावची जुनी टॅक्सी ऑइल जाळायची हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. एका सकाळी गणपत तिच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "पांढरा. रडका झालाय. गॅस्केट गेलं."

गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग. आम्ही एकमेकांकडे बघितलं. धूर चक्क निळा होता. पण गणपतला सांगणार कोण? त्याने इंजिनाचं हेड खोललं. गॅस्केट कोरं करकरीत.

तो फूटबोर्डवर बसला. मग म्हणाला, "डोळ्यांम्होरं धुकं येतंय. वरीस झालं." आणि पुढे म्हणाला, "निळा-पांढरा कळंना, तर मी कसला मिस्त्री? ताथवड्याला भावाकडं जातो, औत धरतो."

गणपत औत धरणार, ही कल्पनाच आम्हाला सहन होईना. गणपतशिवाय ते गॅरेज म्हणजे नुसती चार पत्र्यांची शेड.

*

मग बाबूरावने युक्ती काढली. गाडी आली की मी जवळ उभं राहायचं. निळा धूर असला की खोकायचं. पांढरा असला की गप्प बसायचं. काळा त्याला अजून दिसत होता. गणपतला काही सांगायचं नाही, खोकला कानावर पडला की तो नकळत घेईल.

आणि घेतलं हो त्याने! मी खोकलो की "दारुडा", गप्प बसलो की "रडका". गॅरेज पूर्वीसारखं चालायला लागलं. बाबूराव स्वतःवर इतका खूश, की मिशीला तेल लावायला लागला.

पुढे थंडी पडली आणि मला खरोखरचा खोकला झाला.

त्या दिवशी आलेली प्रत्येक गाडी दारुडी ठरायला हवी होती. पहिली गाडी आली. मी तोंडात उपरणं कोंबलं, तरी खोकला आवरेना. गणपत शांतपणे गाडीकडे पाठ करून माझ्याकडे वळला. म्हणाला, "गाडी बरी हाय. तुझ्याच रिंगा गेल्यात. डागदरला दाखव."

आमची खोकल्याची युक्ती त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. आमचं मन मोडायला नको म्हणून तो गप्प होता.

*

मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं गणपतच्या बायकोने, पारूवहिनींनी ठरवलं. गणपत इंजिनाला घाबरायचा नाही, पण डोळ्याजवळ हत्यार म्हटलं की सायकलवर टांग मारायचा. वहिनी एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्यांची हेडं खोलताना ह्यांना काय वाटत न्हाई."

पुण्याच्या दवाखान्यात त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं निजवलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. खिडकीखाली डॉक्टरांची गाडी लागायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले तर हा पट्टीखालून म्हणाला, "सायेब, तुमची गाडी ऑइल जाळतीय. वास येतोय."

डॉक्टर मोठे उमदे. म्हणाले, "मिस्त्री, मी तुमचे डोळे बघतो, तुम्ही माझी गाडी बघा. पण दोघांचं काम नीट व्हायचं असेल तर मान हलवू नका."

*

भिंगाचा जाडजूड चष्मा लावून गणपत परत आला. आल्या आल्या बाबूरावची टॅक्सी सुरू करायला लावली.

"निळा," तो म्हणाला, "निळाशार." त्याच्या चष्म्याखालून पाणी आलं. आमच्याही डोळ्यांतून.

तेवढ्यात वाकडच्या पाटलांची गाडी गेली. गणपत म्हणाला, "ही बी निळी?" मग एक ट्रक गेला, तोही निळा. वहिनींनी परसात चूल पेटवली होती. गणपत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अगं, चुलीत ऑइल घातलंस का?"



बाबूराव त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं जुनं पिवळट भिंग काढलंय, आता काही काळ सगळं निळसर दिसणार. किती काळ? ते सांगता येत नाही.

गणपतने दुसऱ्या दिवशी भावाला ताथवड्याला निरोप धाडला, की आठवड्याने येतो, बैल तयार ठेव. हत्यारं पुसून एका गोणपाटात गुंडाळली. गणपत बोलून दाखवायचा ते करायचाच, त्यामुळे आम्ही दोघं हादरून गेलो होतो.

त्याच आठवड्यात मुंबईकडची एक गाडी धापा टाकत दारात थांबली. आत एक बाई, तिची बाळंतपणाला आलेली लेक, आणि घाबरलेला ड्रायव्हर. तो म्हणाला, "रावेतपासून मागे धूरच धूर. पुण्यापर्यंत जाईल का एवढंच सांगा. इथं गणपत मिस्त्री कोण?"

गणपत आतून बाहेर आला. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मला त्याच्या तोंडावरूनच कळलं, की त्याला निळंच दिसतंय. मी बाबूरावकडे बघितलं. खोकावं का? बाबूरावने नकारार्थी मान हलवली.

मग गणपतने हात पुढे केला. "बाबूराव, तुझी टोपी दे."

बाबूरावने परीटघडीची टोपी काढून दिली.

"रंग कुठला हिचा?"

"पांढरी आहे की. कालच धुऊन आली."

"मला तर निळी दिसतीय," गणपत म्हणाला. त्याने खाली वाकून टोपी सायलेन्सरशेजारी धरली. टोपीकडे बघितलं, धुराकडे बघितलं, पुन्हा टोपीकडे बघितलं.

"दोगं सारखंच निळं," तो उठत म्हणाला. "म्हंजी धूर पांढरा. रडका हाय. गॅस्केट गेलंय, पाणी आत चाललंय. अशी नेली तर इंजिन वाटेत बसंल. बाबूराव, तू माय-लेकींना दवाखान्यात सोडून ये. मी हेड खोलतो."

बाबूराव त्यांना सोडून परत आला तेव्हा हत्यारं गोणपाटातून निघाली होती आणि हेड बाहेर होतं. गॅस्केट मधोमध जळालेलं, आणि पिस्टनवर पाणी.

गणपतने ओली झालेली टोपी झटकून बाबूरावच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "उद्यापासनं बोडक्यानं गॅरेजात येऊ नगंस."