फोरमनची चित्रं

कात्रीबाई हे नाव तिला शनिवारच्या मंडळात पडलं. नावाला कारण होतं. उभा जन्म तिचा शर्टाच्या कारखान्यात कापड कापण्यात गेला होता. मोठ्या टेबलावर थरावर थर टाकलेलं कापड, त्यावर खडूने कॉलर, बाही, पाठ आखायची आणि मग एका दमात कापून काढायची. हात इतका बसलेला की ती काही आखायला लागली की शेजारची बाई स्वतःचं काम सोडून बघत राहायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा काम सुटलं. पण हात काही स्वस्थ बसेना. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती पेन्सिलीने काहीबाही गिरवायची. समोर असेल ते, म्हणजे बादली, खुर्चीवर टाकलेला टॉवेल, नाहीतर खिडकीतलं मांजर.

तिचा नवरा बसच्या डेपोत फोरमन होता. त्याला गल्लीत सगळे फोरमनच म्हणायचे, आणि घरातही त्याचा रुबाब तोच. अंगाने आडदांड, आवाज असा की इंजिन चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जावा. मारझोड कधी केली नाही, पण कधी गोड शब्दही नाही. तिची चित्रं बघून म्हणायचा, "काय हे, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचून गेली वाटतं." एकदा तिने चहाची किटली काढली होती. तिच्या मते तोवरचं सगळ्यात चांगलं चित्र. संध्याकाळी बाजारातून येऊन बघते तर फोरमनने त्यावर सायकलची तेलकट साखळी ठेवलेली. ती काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मला वाटलं कागद रिकामाच आहे."

तिने कागद पुसून घेतला. पण मनात ठेवलं.

मंडळात तिला नेलं दाताच्या डॉक्टरने. त्याच्या दवाखान्यात खुर्चीवर नंबर लावून बसली असताना ती वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी काढत होती, ते त्याने पाहिलं. स्वतः तो हौशी चित्रकार. जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण चित्रं फक्त जहाजांची काढायचा. मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचं. लांबट खोली, भिंतींना पोपडे, मधोमध एक टेबल आणि त्यावर त्या दिवशीचा देखावा, कधी सुरई, कधी दोन कांदे आणि फडकं. भोवती आठ-दहा माणसं मान वाकडी करून बसलेली. पोस्टातला कारकून होता, त्याची सगळी माणसं पाठमोरी, कारण त्याला नाक जमत नसे. दोघी बहिणी होत्या, त्या एकाच कागदावर दोन्ही बाजूंनी फुलं काढत मध्यावर यायच्या आणि तिथे भांडायच्या. सगळ्यांवर मास्तर. शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला, कडक, आणि स्तुतीच्या बाबतीत पक्का कंजूष.

वर्षातून एकदा नगरपालिकेच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन लागे. महिनाभर आधीपासून खरा विषय एकच: दारासमोरची भिंत कोणाला? आत पाऊल टाकल्याबरोबर नजर जाते ती भिंत. तिच्यावरून माणसं वर्ष-वर्ष अबोला धरायची. कात्रीबाईची चित्रं दरवर्षी मागच्या अंगाला, हात धुण्याच्या बेसिनपाशी लागत. तिथे लोक जात, पण चित्रं बघायला नव्हे. तिला त्याचं फार वाईट वाटत नसे. शनिवारी दुपारी दोन तास कोणी ओरडत नाही, एवढ्यावर ती खूश होती.

मग फोरमन पडला. डेपोतच, एका बसच्या पुढ्यात, हातात पाना असताना. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्या एवढ्या माणसाची नुसती घडी झाली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. ऐकू येत होतं, समजत होतं. बोलायला गेला की घशातून एकच आवाज निघायचा, आणि तो ऐकून तो स्वतःच दचकायचा. नंतर त्याने तेही सोडलं.

त्याचं सगळं आता कात्रीबाईच्या गळ्यात आलं. उठवणं, बसवणं, पुसणं, गळ्याला फडकं बांधून भरवणं. मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला, तिला जमेल तेव्हा यायची. मंडळ सुटलं. मास्तरने दाताच्या डॉक्टरकडून निरोप धाडला, "येता येत नसेल तर घरी बसून काढा. जे समोर असेल ते."

समोर फोरमन होता.

पहिलं चित्र तिने तो खुर्चीत झोपलेला असताना काढलं. मान छातीवर आलेली, गळ्यात फडकं. काढता काढता तिच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं संसार झाला, पण या माणसाकडे आपण असं टक लावून कधी बघितलंच नाही. बघितलं तर तो खेकसायचा, "काय बघतेस?" आता विचारणार कोण? त्याच्या कपाळावर एक जुना व्रण होता, तो तिला प्रथमच नीट दिसला. कानाच्या पाळ्या लहान मुलासारख्या होत्या. तिने सगळं काढलं. ओघळलेला ओठ काढला, त्याच्या कोपऱ्यातली लाळ काढली, मांडीवर मेल्यासारखा पडलेला उजवा हात काढला. कापडावर खडू चालावा तशी पेन्सिल चालली. रेघ खोडावी लागली नाही.

त्यानंतर ती रोज काढू लागली. कागदाखाली धरायला पाट घेऊन समोर बसली की फोरमन डोळे मिटून घ्यायचा. तिला वाटायचं, डुलकी लागली.

त्यात माया किती होती आणि सूड किती, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कधी काढताना डोळे भरून यायचे. आणि कधी, लाळेचा थेंब नेमका उतरला की, आत कुठेतरी थंड समाधान वाटायचं. त्या समाधानाकडे ती बघत नसे.

प्रदर्शन जवळ आलं तसा मास्तर एक दिवस स्वतः घरी आला. बाहेरच्या खोलीत तिने कागद पसरले. मास्तरने एकेक उचलला, खिडकीपाशी नेला, परत ठेवला. चहा निवून गेला. शेवटी म्हणाला, "बाई, यंदा दारासमोरची भिंत तुमची."

तिला मोह झाला. खोटं कशाला बोलायचं? आतल्या खोलीत फोरमन पलंगावर होता आणि मधलं दार उघडंच होतं. ती म्हणाली, "लावा."

उद्घाटनाला मुलगी आली. वडिलांजवळ शेजारीण बसवून दोघी मायलेकी सभागृहात गेल्या. आत पाऊल टाकलं आणि मुलगी जागच्या जागी थिजली. समोर भिंतभर तिचा बाप. लोक तिथे आवाज खाली आणून बोलत होते. पोस्टातला कारकून पुढे येऊन कात्रीबाईला म्हणाला, "काय नाक काढलंय हो!" दोघी बहिणी डोळे पुसत होत्या. कात्रीबाईला आयुष्यात इतकी माणसं एकदम नमस्कार करायला कधी आली नव्हती. ती हसत होती, आणि आपण हसतोय याचं तिला भान नव्हतं.

मुलगी तिला कोपऱ्यात घेऊन गेली. "बाबांना विचारलं होतंस?"

"विचारून उत्तर कोण देणार होतं?"

"मान हलवता येते त्यांना, आई."

कात्रीबाईने नजर भिंतीकडे वळवली. मुलगी तिथूनच गाडीला गेली. बापाला भेटायला घरी परतली नाही. नंतर फोनवर म्हणाली, "त्यांच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं."

दोन दिवसांनी डेपोतली मंडळी प्रदर्शनाला गेली. फोरमनच्या हाताखाली ज्यांनी बोलणी खाल्ली होती, तीच सगळी. काही जण बघून गुपचूप बाहेर पडले. डेपोतला वायरमन मात्र मनाने साधा आणि जिभेने सैल. तो तडक घरी आला, पलंगाशेजारी स्टूल ओढून बसला.

"अरे फोरमन, नाव काढलंस गड्या! सगळ्या भिंतीवर तूच तू. अख्खा डेपो जाऊन बघून आला. आणि वहिनींचा हात काय सांगू, ती लाळसुद्धा अशी हुबेहूब, वाटलं आत्ता टपकेल."

कात्रीबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने फोरमनचा चेहरा पाहिला. तो वायरमनकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मग त्याने डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

त्या दिवसापासून त्याने तिच्या हातचं खाणं सोडलं. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायचा. एक बाजू मिटे, दुसरी मिटत नसे, तिथून पाणी बाहेर यायचं. शेजारणीने भरवलं तर दोन घास घ्यायचा. कात्रीबाई खोलीत आली की भिंतीकडे तोंड फिरवायचा. आणि मग तिला उमगलं की ती पाट घेऊन बसायची तेव्हा या माणसाला झोप कधीच लागत नव्हती. त्याला नको म्हणायचं होतं. तेवढा एकच मार्ग त्याच्याकडे उरला होता.

ती उठली आणि सभागृहात गेली. मास्तर दाराशी टेबलावर बसला होता.

"चित्रं उतरवते."

"अहो बाई, प्रदर्शन चालू आहे अजून. भिंत उघडी पडेल."

"पडू दे."

"माझ्या डोळ्यांदेखत या मंडळात अशी भिंत कधी लागली नव्हती." मास्तरचा आवाज पहिल्यांदाच विनवणीचा होता. "माणूस जाईल उद्या. चित्रं राहतील."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि खिळ्यांवरून एकेक काढू लागली. कोणी मदतीला आलं नाही. तिची पाठ वळली तशी रिकाम्या जागी दाताच्या डॉक्टरची जहाजं आली.

घरी येऊन तिने ते सगळे कागद पलंगाच्या कडेला ठेवले. फोरमनला उशा लावून बसवलं.

"अहो, इकडे बघा. एवढीच आहेत. दुसरी कुठे नाहीत. काय करायचं ते तुम्ही करा."

त्याने आधी तिच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने त्याने वरचा कागद उचलला. बघितला. स्वतःलाच तो इतक्या दिवसांनी बघत होता, कारण घरातला आरसा तिने कधीच दुसरीकडे हलवला होता. त्याने कागद मुठीत धरला, झटका दिला. कागद जाड होता आणि हात एकच, तो फाटेना. दातांत धरायला गेला, तर दातांची पकड बसेना. घशातून तो आवाज निघाला, जो त्याने सोडून दिला होता.

कात्रीबाईने पुढे होऊन कागदाचं दुसरं टोक धरलं, आणि त्याने ओढलं. कागद मधोमध फाटला.

एकामागून एक, असे त्यांनी सगळे फाडले. ती धरायची, तो ओढायचा. मध्येच त्याला दम लागला की दोघं थांबायची. कानाच्या पाळ्या ज्यात नीट आल्या होत्या तो कागद आला तेव्हा तिने क्षणभर तो त्याच्यापुढे केलाच नाही. फोरमनने वाट पाहिली. मग तिने एक टोक त्याच्या हातात देऊन मान हलवली, आणि तोही फाटला.

संध्याकाळी तिने भात मऊ करून आणला. चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं. माफी म्हणावी तर तसं काही त्याच्या डोळ्यांत नव्हतं. भूक लागली होती, एवढंच.

फोरमन त्यानंतरही बराच काळ जगला. तिने त्याचं सगळं केलं, पण त्याच्याकडे टक लावून पुन्हा बघितलं नाही. भरवताना नजर चमच्यावर आणि पुसताना फडक्यावर. एका सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा तो थंड झालेला होता, आणि त्याचं तोंड भिंतीकडे होतं. ते झोपेत वळलं होतं की मुद्दाम, हे ती ठरवू शकली नाही.

सगळं आटोपल्यावर मुलगी काही दिवस राहिली. भिंतीवर लावायला बापाचा धड फोटो सापडेना. फोरमनला फोटो काढून घ्यायचा कंटाळा. जो होता तो लग्नातला, त्यात तो कोणी परकाच वाटत होता.

"आई, तू काढ ना," मुलगी भीतभीतच म्हणाली. "पूर्वीचे बाबा. डेपोत जायचे तेव्हाचे."

कात्रीबाई खिडकीपाशी बसली. डोळे मिटून तिने तो आडदांड माणूस आठवायचा प्रयत्न केला. आवाज आठवला. खाकी शर्टावरचे तेलाचे डाग आठवले. चेहरा मात्र येईना. इतक्या वर्षांत खेकसण्याच्या भीतीने तिने तो धडपणे पाहिलाच कुठे होता? पेन्सिल कागदावर टेकली आणि हात आपणहून चालू लागला. ओठ एका बाजूला उतरला. एक डोळा अर्धा मिटला. तिने खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तोच. हाताला तो एकच चेहरा पाठ होता.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. वाकून तिने कागद निरखला.

"कान बरोबर आलेत," शेवटी म्हणाली.

तिने कागद घेतला, हळूच गुंडाळी केली आणि आपल्या बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवला. भिंतीवर लग्नातला फोटो लागला.