बाईंचे बाण

बाई बोलता बोलता उजव्या हाताचं बोट हवेत ओढायच्या आणि विचारायच्या, "हितनं निघालं, पोचलं कुटं?"

पौडला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई एसटीची चौकशी करतायत. बाई अकरावी-बारावीला गणित शिकवायच्या. ते बोट म्हणजे बाण, एका संचातून दुसऱ्या संचात जाणारा.

त्या जवळच्याच माले गावच्या. घरी आई आणि त्या, दोघीच. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी, माझ्याकडे मात्र घरचं बोलणं. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना क्लास लावता येत नाही, म्हणून त्यांनी सुट्ट्यांत बसून सरावाचं पुस्तक टाइप केलं होतं. ते छापायला आणलं. फाइल उघडली, तर प्रत्येक बाणाच्या जागी गोलातला इंग्रजी आर.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "ह्यो कोण?"

"कंपन्यांच्या नावापुढं असतो तो, बाई. नोंदणीचा."

"म्हंजी पिरंगुटच्या कारखान्यातनं आलाय व्हय माझ्या गणितात?"

मी सांगितलं, कॉम्प्युटर चिन्ह नाही, नंबर साठवतो. बाईंच्या जुन्या फॉन्टमध्ये ज्या नंबरावर बाणाचं चित्र होतं, त्याच नंबरावर इतर फॉन्टमध्ये हा आर बसतो. फॉन्ट सुटला की बाण गेला. आता युनिकोडमध्ये बाणाला स्वतःचा नंबर आहे, २१९२. तो लिहून ऑल्ट आणि एक्स दाबलं की बाण उमटतो, आणि फाइल कुठंही उघडली तरी तो बाणच राहतो.

बाई पडद्याकडं बघत राहिल्या. "बरंय. कुनाच्या जागंवर बसायला नको."

सगळे आर एका फटक्यात बदलता आले असते. बाईंनी ऐकलं नाही. "एकेक बघते. एकादा उलटा गेला आसंल तर पोरं वरीसभर चुकीचं शिकतील." दर शनिवारी शाळा सुटली की येऊन बसायच्या. बाण आला की हलकंच हसायच्या. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही हसू आलं असतं.

मधेच त्या पोटाशी हात धरून डोळे मिटायच्या. "अॅसिडिटी लई झालीया." मीही ते खरं मानलं. पुढं त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांकडून कळलं, पुण्याला उपचार चालू आहेत, आणि आजार फार पसरलाय.

त्यानंतर बाई आल्या त्या डोक्याला स्कार्फ बांधून. मी पडद्याकडं वळून फाइल उघडली. त्याच म्हणाल्या, "केस गेल्यात भाऊ. मी हाय." मग खुर्ची ओढली. "बोटं बधिर पडल्यात औषधानं. मी सांगते, तुमी टाइप करा. शेवटचा धडा ऱ्हायलाय."

त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. दर दोन ओळींनी थांबून पाणी प्यायच्या. एका उदाहरणाच्या मध्यावर म्हणाल्या, "आज हितंच थांबू." दारात वळून विचारलं, "पोरांना जूनमदी मिळंल ना?"

"मिळेल, बाई."

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका मी टाइप करत होतो. नावाआधी दिवंगतांसाठीचं 'कालकथित' लिहायला हात धजेना.

शाळेतले शिक्षक शेवटचा धडा पुरा करून द्यायला तयार होते. आम्ही बोललो आणि तो होता तसाच ठेवला. बाई जिथं थांबल्या, तिथं पुस्तक थांबतं. खालचं पान कोरं.

पहिली प्रत काढायची त्या दिवशी मी त्यांच्या आईला बोलावून घेतलं. त्या एकट्याच एसटीनं आल्या. त्यांना वाचता येत नाही.

"ह्यातलं तिनं कुटलं लिवलंय?"

"सगळंच, आई."

त्यांनी पानावर तळवा ठेवला. त्या तो उचलेनात.

"ऊन लागतंया," त्या म्हणाल्या.

"आत्ताच मशीनमधून निघालंय."

त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं आणि छातीशी धरलं. बाहेर मालेकडं जाणारी गाडी लागली, भरली, निघूनही गेली. आई बाकावर बसून होत्या, कागद गार होईपर्यंत.