मागाखालची ओल

आमच्या घरात भिंतीपेक्षा सुताचे लाड जास्त. नागपूरचा उन्हाळा म्हणजे सुताचा वैरी. हवा कोरडी झाली की मागावरचे धागे तटातट तुटायचे. म्हणून बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसले की आई भोवती पाणी शिंपडायची आणि मी घागरी भरून आणायची. कोष्ट्यांच्या घरोघरी हेच चालायचे. फक्त आमचा माग भिंतीला खेटून होता आणि ती भिंत मातीच्या गाऱ्यात रचलेली होती.

एका वैशाखात भिंतीला पोट आले. आईने शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. त्याने वरून ओळंबा सोडला, तर दोरी मध्येच त्या पोटावर टेकली. मग त्याने एक वीट काढून आत दाखवले. दोन बाजूंना विटांचे दोन पदर आणि मध्ये नुसते तुकडे भरलेले. दोन्ही पदरांना धरून ठेवणारी आडवी वीट कुठेच नव्हती. बुडाजवळचा गारा नखाने निघत होता.

"पाणी बंद कर गा," तो बाबांना म्हणाला. "खालून गारा विरघळून राहिला. नाही तं सारी भिंत तुह्या अंगावर येईन."

"पाणी बंद केलं तं धागा तुटते. मंग खाऊ काय?"

आईने एक दिवस पाणी थांबवून पाहिले. बाबा दिवसभर तुटलेली टोके सांधत बसले आणि लुगडे जेमतेम बोटभर सरकले. दुसऱ्या सकाळी तिनेच घागर माझ्या हातात दिली.

"माय, भिंत पडन नं वं."

"मले दिसत नाही का? तू पाणी आण."

मला आई-बाबा दोघांचाही संताप यायचा आणि पाणी मात्र मीच वाहायची. आईने बाहेरून बांबूचे टेकू लावले, देवीला नवस बोलली. बाबा विणत असले की ती बाहेर जाऊन भिंतीला हात लावून उभी राहायची, जणू तिच्या हाताने भिंत थांबणार होती.

भिंत भरदुपारी पडली, थेट मागावर. बाबा तेवढ्यात जेवायला उठले होते. गल्लीतले लोक म्हणाले, नशीब थोर. मला त्यांचे तोंड धरावेसे वाटले. ढिगाऱ्याखालून बाबांनी अर्धे विणलेले लुगडे ओढले, ते टरकन फाटले.

गवंडी नवी भिंत बांधायला तयार झाला. दगडी पाया, चुना, मधूनमधून आडव्या विटांचा थर. पण आधी खड्डा बुजवायला हवा, म्हणाला. पायाशी ओल राहिली तर चुनाही टिकायचा नाही. दुसरा खड्डा खणायला घरात जागा नव्हती.

"खड्डा बुजवला तं हे बसतीन कोठी?" आईने विचारले. "मंग भिंत तरी काहून बांधता?"

बाबांनी फावडे उचलले आणि पडलेल्या भिंतीची माती खड्ड्यात ओढू लागले. मी धावत जाऊन फावडे धरले. त्यांनी ते सोडले नाही.