पेटीत टॉप्स ठेवून गेलेला चोर

पोलिसाची नोकरी मी लवकर सोडली, पण बंगालमधल्या गार्डन रीचची ती चोरी काही डोक्यातून गेलेली नाही. वस्तू नेऊन तिच्या जागी सोनं ठेवणारा चोर मला एकदाच भेटला.

तेव्हा मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. नदीकाठच्या एका जुन्या घरात महायुद्धाच्या काळातल्या शॉर्ट फिल्मचं शूटिंग चालू होतं. घरमालक, एकटे राहणारे वयस्क गृहस्थ, पेटी घेऊन ठाण्यात आले. बंगाली सवाष्णी शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घालतात. आपल्या दिवंगत आईच्या तशा, सोन्याने मढवलेल्या बांगड्या त्यांनी नायिकेला वापरायला दिल्या होत्या. पेटी परत आली तेव्हा आत बांगड्या नव्हत्या, जुने फिरकीचे टॉप्स होते.

"सोनं खरं आहे," बडोबाबू, म्हणजे आमचे ठाणेप्रमुख, म्हणाले. "चोर वेडा आहे की आपण?"

जनरल डायरीत नोंद करून त्यांनी चौकशी माझ्याकडे दिली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर नायिकेवर गुन्हा दाखल होणार होता. मुलीची ही पहिलीच मुख्य भूमिका होती आणि लग्न ठरलेलं होतं. चोरीचा शिक्का बसला असता तर दोन्ही गेलं असतं.

तिचं एकच उत्तर होतं. "काढून पेटीत ठेवल्या."

मी मुळात कमी बोलते. चौकशीत त्याचा उपयोग व्हायचा. समोरचा माणूस शांततेला कंटाळून काहीतरी बोलून जायचा. ही बोलली नाही, पण तिची नजर सारखी दाराकडे जात होती. बाहेर बाकावर तिची आई बसली होती. ती डमडमहून रोज मुलीबरोबर शूटिंगला यायची.

दुपारी खबऱ्याने बातमी आणली. आदल्या दिवशी एका ऑटोवाल्याने शूटिंगच्या घरातून एका बाईंना घाटावर नेऊन परत आणलं होतं. जाताना पदराखाली मूठ घट्ट आवळलेली होती, येताना हात मोकळे होते.

मी चहा घेऊन बाकाशी गेले. आईने कप घ्यायला मान वळवली. कानांच्या भोकांत कडुलिंबाच्या काड्या होत्या, अजून हिरव्या.

"माशिमा," मावशीला तिकडे म्हणतात तसं मी म्हणाले, "तुमचे टॉप्स आमच्याकडे आहेत."

"मग त्या बाबूंना द्या ना. त्यांच्यासाठीच ठेवलेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटच्या प्रसंगात नवरा लढाईत गेल्याची तार येते आणि बायको बांगड्या उतरवते. "तो डायरेक्टर म्हणतो, परत घाल, परत काढ. मार्गशीर्षात लग्न आहे तिचं. माझ्या पोरीला किती वेळा विधवा करणार तो? उतरवलेल्या बांगड्या घरात ठेवत नाहीत. मी गंगेत सोडल्या."

"माशिमा, तो अभिनय होता," बडोबाबू म्हणाले.

"नवरा अभिनयातला होता. हात माझ्या मुलीचे होते."

मुलगी दारात आली. "आई, तुला गप्प बस म्हटलं होतं ना?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सेटवर सगळे हसले असते हो हिला."

बाईंचा हेतू चोरीचा नव्हता, पण वस्तू दुसऱ्याची होती. घरमालकांनी तक्रार मागे घेतल्याशिवाय प्रकरण मिटणार नव्हतं. त्यांना बोलावलं. टॉप्स तळहातावर ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुठल्या घाटावर?" त्यांनी विचारलं.

आईने घाट सांगितला.

"बाबा गेले तेव्हा आईच्या हातातून त्याच बांगड्या उतरवल्या होत्या," ते म्हणाले. "त्याच घाटावर सोडायला माझ्याकडे दिल्या होत्या. माझ्याने नाही झालं."

आई उभी राहिली. "म्हणजे त्या आधीच उतरवलेल्या होत्या? आणि तुम्ही माझ्या मुलीच्या हातात घातल्यात?"

गृहस्थांनी मान खाली घातली. "मला वाटलं, सिनेमाच तर आहे."

बडोबाबू खिडकीबाहेर पाहू लागले. त्या गृहस्थांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं. टॉप्स त्यांनी टेबलावर ठेवले. आईने ते घेतले आणि मुलीचा हात धरून ती बाहेर पडली.

घरी माझ्या आईला हे सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "बरोबरच केलं तिनं," एवढंच म्हणाली. मला आजही ते पटत नाही. पण त्यानंतर नोकरीत होते तोवर, वस्तू हरवल्याची तक्रार आली की ती कोणी नेली असेल हे नंतर बघायचे. तक्रारदाराला आधी विचारायचे, ती तुमच्याकडे आली कशी?