शालिकरामचे दोन बोल्ट

शालिकरामइतका धीराचा ड्रायव्हर मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका भित्राही नाही. रस्त्याला तो भीत नाही, लोकांना भितो. भरलेला ट्रक घेऊन घाट उतरताना त्याचा हात कापत नाही. पण मागून कुणी हॉर्न वाजवून दोन शिव्या हासडल्या की त्याचे कान लाल होतात. वाडीत माझं ब्रेकचं दुकान आहे. वीस वर्षं मी या माणसाच्या गाडीखाली पाठ घासतोय, म्हणून एवढं बोलायचा मला हक्क आहे.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवाच गेली तर काय, म्हणून मागच्या चाकांजवळ जाड स्प्रिंगचे दोन डबे असतात. टाकीत हवा असेपर्यंत स्प्रिंग दबून राहते. हवा संपली की सुटते आणि चाकं आवळून धरते. मग गाडी खुंट्याला बांधल्यासारखी जागच्या जागी उभी. दोन वर्षांपूर्वी शालिकरामची गाडी अशीच कामठी रोडवर, भर चौकात, एका वरातीच्या तोंडाशी अडली. पाइप फुटला होता. तीन तास लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"नत्थू, थे स्प्रिंग बांधून टाक गा. मले पुन्हा अशी बेइज्जती नाही पाहिजे."

बंद पडलेली गाडी ओढून नेता यावी म्हणून प्रत्येक डब्याला एक लांब बोल्ट असतो. तो कसला की स्प्रिंग दबलेलीच राहते. दुरुस्ती झाली की तो सैल करायचा असतो, पण आमच्याकडे कित्येक गाड्या तो कायमचा कसून फिरतात. मीही दोन्ही कसून दिले.

यंदाच्या उन्हाळ्यात तळेगावच्या घाटात हवा गेली. पेडल नुसतं खाली-वर होत राहिलं. शालिकरामनं गियर उतरवत गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्याच्या बायकोनं, वंदनावहिनींनी, ट्रक बंद म्हणून सांगितलं. बेशाला घराजवळच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा होती. शालिकरामला स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नाही, आणि खुर्चीवर टेकला की त्याला दहा मिनिटांत डुलकी लागते. कसला वॉचमन होणार तो?

ट्रकच्या मालकानं गाडी माझ्याकडे पाठवली, राखीव ब्रेक बसवायला. मी पुढच्या चाकांसाठी वेगळी टाकी बसवली, वेगळा पाइप टाकला. मेन लाइन फुटली तरी पाच-सहा वेळा पेडल दाबण्याइतकी हवा त्या टाकीत उरते. हवा कमी झाली की ओरडणारा बजर केबिनमध्ये लावला. शालिकराम वहिनींना घेऊन आला. त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं आणि मग काय ते ठरवावं, एवढीच त्याची आशा होती.

वहिनींनी वाकून सगळं पाहिलं. मग मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. "हे डबे कायचे?"

मी सांगितलं. बोल्टचं तेवढं सांगितलं नाही.

"म्हणजे हे पहिलेपासूनच होते. मंग घाटात गाडी काहून नाही थांबली?"

"मी बोल्ट कसले होते," शालिकराम खाली मान घालून म्हणाला.

धडधडीत खोटं. या माणसाला पाना कुठून धरायचा तेही कळत नाही. मला वाचवायला तो स्वतःची नोकरी घालवून बसत होता, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"यानं म्हटलं, वहिनी, पण कसले मी," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाकून ते डबे पाहिले. मग म्हणाल्या, "काढा."

त्यांच्यासमोर मी दोन्ही बोल्ट काढले. त्यांनी ते माझ्याच फडक्यानं पुसले आणि पर्समध्ये टाकले. "हे आता माह्यापाशी राहतीन. जा म्हणा त्यायले गाडीवर."

मागच्या महिन्यात एक दिवस सकाळी अकराला त्यांचा फोन आला. गाडी वर्धा रोडवर अडली होती. बेशाहून त्यांना स्कूटरवर घेऊन मी पोचलो, तोवर मागे लांबच लांब रांग लागलेली. पुन्हा पाइपच गेला होता. बजर वाजला, राखीव हवेवर त्यानं गाडी हळू करत डावीकडे घेतली, आणि पुरती कडेला जायच्या आत स्प्रिंगनं चाकं धरली. एक कारवाला खाली उभा राहून त्याचा उद्धार करत होता. शालिकराम केबिनमध्ये बसलेला, कान लालभडक.

वहिनी कारवाल्याला म्हणाल्या, "थांबली नं भाऊ गाडी? थांबली थेच चांगलं झालं." आणि पिशवी घेऊन केबिनमध्ये चढल्या.

मला वाटलं, गाडी हलवायला आता पर्समधून बोल्ट काढतील. त्यांनी जेवणाचा डबा काढला. मी खाली पाइप बदलत होतो, हॉर्न वाजत होते, आणि वरून शालिकरामचा आवाज आला, "आणखी एक पोळी दे वं."

पाइप जोडला, टाकीत हवा भरली, स्प्रिंग आपोआप मागे सरकल्या आणि गाडी निघाली. बोल्ट पर्समधून निघालेच नाहीत.