परक्या तळहातावरचं दर्शन

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळ. उमरग्यातला एक दवाखाना. हजर: माझे सासरे अप्पा, माझे यजमान आणि मी.

आधी माझी चूक लिहिते. आदल्या संध्याकाळी मुरुमला, घरातच अप्पा तापानं भेलकांडून पडले. मी पाच मिनिटांत पिशवी भरली: रिपोर्ट, गोळ्या, धोतरं, चादर. अप्पा अर्धवट शुद्धीत होते. त्यांच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मी काढली आणि कपाटात कुलपात ठेवली. दवाखान्याच्या गर्दीत हरवली तर शोधणार कोण? लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. तरी वाटलं, आजारी माणूस एवढं कुठं धरून बसतो!

सकाळी शुद्ध आली तसा त्यांचा हात छातीवर गेला.

"सूनबाई, माझं लिंग?"

"घरी राहिलं, अप्पा."

"म्याच इसरलो," ते पुटपुटले. मी त्यांची चादर सारखी करत राहिले. त्यांनी तोंड मिटून घेतलं ते मिटलंच.

यजमान डबी आणायला मुरुमला गेले. तिथून त्यांचा फोन आला, तेव्हा लक्षात आलं की कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे. डॉक्टर म्हणाले, तासाभरात गोळी पोटात गेली नाही तर सोलापूरला हलवा. मी विनवलं, चिडले, शेवटी रडले. पुढं काय करायचं ते सुचेना, असं माझं कधी होत नाही. भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "शिवा, आता तूच बघ."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको आंघोळ करून पूजेला बसली होती. कर्नाटकातली, मोडकं मराठी बोलणारी. पूजा अर्ध्यावर ठेवून ती उठली आणि डाव्या तळहातावरचं आपलं लिंग तिनं अप्पांच्या डोळ्यांपुढं धरलं.

"दुसऱ्याचं लिंग बघत न्हाईत, माय," अप्पा म्हणाले.

"मलाबी दाखवायचं न्हाय, अज्जा. पण शिव काय आधार कार्ड मागतोय व्हय? करा नमस्कार, मग नीर कुडीरी, पाणी प्या."

आयुष्यभराचा नेम ती एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी मोडत होती. अप्पांनी हात जोडले. मग ओठ उघडले. गोळी गेली.

याला कृपा म्हणायचं की एका बाईचं धाडस, मला ठरवता येत नाही. अप्पा बरे होऊन घरी आले, यासाठी मी रोज हात जोडते. हतबल झाल्यावर भार शिवावर टाकणं सोपं गेलं. पण आपली चूक ज्याच्या पदरात पडली, त्याच्यापुढं ती कबूल करणंही शरण जाणंच आहे, आणि ते मला जमत नाही.

कारण अप्पा आता रोज पूजेनंतर कान धरून म्हणतात, "शिवा, तुला घरी इसरून गेलो, माफी कर." मी दाराशी चहाचा कप घेऊन ऐकते. लिंग मी काढलं होतं, एवढंच सांगायचं आहे. आजही चहा ठेवून परत आले.